पुढे गेलेला पाक

रवा तुपात भाजल्याचा वास आला की मला डोंबिवलीतली ती दुपार आठवते. लाडवांचा पाक गॅसवर होता आणि कारखान्यांच्या बाजूने मोठा आवाज होऊन खिडकीच्या काचा थरथरल्या. नवरा तिथेच पहिल्या पाळीला होता. मी एका हाताने फोन लावत होते आणि दुसऱ्या हाताच्या बोटांत पाकाची तार बघत होते. फोन लागत नव्हता आणि तार दिसत नव्हती. "अगं, खिडकीत काय बघतेस, पाक बघ," सासूबाई म्हणाल्या. "आला की खायला मागेल." त्यांनी मात्र वेलदोडे सोलून दाणे कचऱ्यात टाकले आणि सालं वाटीत ठेवली. मी पुन्हा फोन लावला. पाक पुढे गेला, लाडू दगड झाले. संध्याकाळी तो चालत आला, केसांत राखाडी धूळ, फोन कारखान्यातच राहिलेला. दाताने फुटेना म्हणून त्याने लाडू बत्त्याने फोडला. "हे काय केलंय?" "आईंना विचार," मी म्हटलं. आता तो ठाण्याला ऑफिसात बसतो. तरी पाक ठेवण्याआधी मी त्याला फोन करते. तो एवढंच विचारतो, "आज लाडू का?"