शेवटच्या तीन स्टेप

हरल्यावर टाळ्या वाजवायच्या, हाही कामाचाच भाग होता. मी वाजवत होते.

"जरा जोरात वाजव की," मॅडम म्हणाल्या. "माझ्या लेकीनं हरवलंय तुला."

मी जोरात वाजवल्या. मॅडमची लेक पडद्यासमोर उड्या मारत होती. तिचा तेरावा वाढदिवस होता. डोक्यावर चकचकीत कागदाचा मुकुट, मागं टेबलावर तिच्याच फोटोचा केक. तिचे वडील लातुरातल्या मोठ्या क्लासचे सर. शहरभर त्यांच्या पाट्या, पाट्यांवर पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो. रविवारची दुपार होती आणि आमचा अख्खा गेम झोन त्यांनी वाढदिवसासाठी घेतला होता.

मॅडमनी मला जवळ बोलावलं. बोलणं गोड होतं.

"छान नाचतेस गं. गाव कोणतं?"

मी सांगितलं. भूकंपातलं गाव.

"अगं बाई, ह्यांच्या मामांचं गाव ते! आडनाव काय?"

आडनाव सांगितलं. त्यावरून त्यांना काही कळलं नाही. आमचं आडनाव पाटलांतही आहे, आमच्यातही आहे. मग आमच्याकडच्या माणसालाच सुचेल असा प्रश्न त्यांनी विचारला.

"नव्या गावात घर कितव्या लाइनीत?"

भूकंपात गाव पडलं, तेव्हा सरकारनं दोन कोस लांब नवं गाव बांधलं. सगळी घरं सारखी. सारख्या भिंती, सारखी दारं, दारावर नंबर. पण लाइनी लागल्या त्या जुन्या गावासारख्याच. वरचे वर, आम्ही शेवटी. आडनावावरून कळलं नाही तरी लाइनीच्या आकड्यावरून कळतं.

"सातव्या," मी म्हणाले.

"हां," मॅडम म्हणाल्या. राग नाही, तिरस्कार नाही. कोडं सुटल्यासारख्या हसल्या आणि शेजारच्या बाईकडं वळल्या. "म्हणून! मला वाटलंच, हिला एवढं कसं जमतं. हलगीवाल्यांची आहे. यांच्यात रक्तातच असतं ते नाचणं-वाजवणं. आपल्या पोरींना बिचाऱ्यांना मेहनत करावी लागते."

मग मला म्हणाल्या, "मशीन राहू दे आता. तुमच्यातलं काहीतरी करून दाखव."

कुणीतरी मोबाइलवर हलगी लावली. पाहुण्यांनी गोल केला. पोरांनी फोन वर धरले. गोलाच्या मधे मी.

माझं रक्त उसळलं असं मी लिहीन, अशी अपेक्षा असेल. नाही उसळलं. मला काहीच वाटलं नाही. मांडी घालून फार वेळ बसलं की पाय झोपतो, तसं सगळं अंग झोपलं होतं. असं ते काही दिवसांपासून होतं.

त्या मशीनचं सांगते. पुढं भिंतीएवढा पडदा. पडद्यावर एक बाई नाचते, आपण तिच्यासारखं नाचायचं. हातात काही धरायचं नाही, पायाखाली काही नाही. पडद्याच्या वर एक काळी पट्टी, तिच्यात कॅमेरे. ती आपलं अंग बघते. हात कमी उचलला की पडद्यावरच्या हाताभोवती लाल रेघ येते आणि गुण कापले जातात. साडीतल्या बायकांचे पाय तिला दिसायचे नाहीत. ओढणी उडाली तरी ती गोंधळायची. म्हणून मला टी-शर्ट आणि पँट दिली होती, पाठीवर झोनचं नाव.

माझं काम गिऱ्हाइकाबरोबर नाचायचं. एकट्याला लाज वाटते, शेजारी कुणी असलं की माणूस नाचतो. पहिल्याच दिवशी मालकांनी समजावलं होतं.

"शेवटच्या तीन स्टेप सोडायच्या. आधी सोडलं की कळतंय त्यांला. शेवटपर्यंत घासून न्यायचं आन् मग सोडायचं. गिऱ्हाईक हरलं की परत येत न्हाई."

मी शिकले. हात अर्धाच उचलायचा. पाय अर्धा ठोका उशिरा टाकायचा. तोंडावर मात्र आता जिंकणारच असं हसू. मग 'अरेरे' म्हणायचं आणि टाळ्या वाजवायच्या. क्लासची पोरं रविवारी यायची, हरायला कंटाळलेली पोरं. चाचणीत मागं पडलेली. त्यांना मी जिंकवायचे. डॉक्टरांच्या, इंजिनिअरांच्या पोरांना जिंकवायचे. सरांची लेक तर दर आठवड्याला यायची. आठ महिन्यांत ती माझ्याशी एकदाही हरली नव्हती.

आणि रक्ताचं म्हणाल तर, मी आयुष्यात हलगीवर नाचले नव्हते. माझ्या बापानं मला हलगीला हात लावू दिला नाही. तो वाजवायचा. लग्नात मांडवाच्या बाहेर, मयतीत सगळ्यांच्या पुढं. जेवायला सगळ्यांच्या नंतर. घरी आला की हलगी फडक्यात गुंडाळून माळ्यावर टाकायचा आणि म्हणायचा, "तिकडं बघू बी नको. तू पुस्तकाकडं बघ." मला जे येत होतं ते मी रोज सकाळी झोन उघडायच्या आधी, रिकाम्या पडद्यासमोर घाम गाळून शिकले होते. चाळीस गाण्यांच्या स्टेप पाठ होत्या मला. मी हरले तर ती त्यांच्या लेकीची मेहनत. मला येतंय ते माझं रक्त. माझी मेहनत कुठंच नाही.

यात सगळ्यात वाईट काय झालं होतं, ते मला त्या वाढदिवसाच्या पंधरा दिवस आधी कळलं होतं. मी पोलीस भरतीची तयारी करत होते. पहाटे ग्राउंडवर पळायचे. शबाना वेळ बघायची. ती झोनच्या काउंटरवर गिऱ्हाइकांना खेळायचं कार्ड भरून द्यायची, माझी एकुलती मैत्रीण. एके दिवशी ती मोबाइल माझ्या पुढं धरून म्हणाली, "आखिर में कायकू रुकती गे तू?"

"कुठं थांबायलेय? दम लागतोय."

"दम नहीं लगता. मैं देखरी ना. सबके आगे रहती, लाइन दिखी की पाँव ढीले छोड देती. रोज."

दुसऱ्या दिवशी मी नीट लक्ष दिलं. खरं होतं. शेवटची पांढरी रेघ दिसली आणि पाय आपोआप अर्धा ठोका उशिरा पडायला लागले. मागची पोरगी पुढं गेली. आणि माझे हात, देवाशप्पथ सांगते, माझे हात टाळीसाठी जवळ आले.

मला हरायची सवय लावली होती आणि ती अंगात मुरली होती. झोनमध्ये नऊ तास काम, पण सवय चोवीस तास. भरतीत पळायची वेळ आली असती तर मी तिथंही रेघेच्या अलीकडं कुणाला तरी जागा दिली असती आणि घरी येऊन नशीब म्हटलं असतं. मी शबानाजवळ खूप रडले. मग तेही थांबलं. त्यानंतर काही वाटेनासंच झालं.

तर, गोल झाला होता. मोबाइलवर हलगी वाजत होती. मालक लांबून डोळ्यांनी खुणावत होते, नाच. काउंटरमागं शबाना उभी होती. ती माझ्या पायांकडं बघत होती.

"ते बंद करा," मी म्हणाले.

"काय?" मॅडम म्हणाल्या.

"मोबाइल बंद करा. मला ते येत न्हाई. मला मशीनवरचं येतं. नाचते मी, पण मशीनवर. तुमच्या लेकीसंगट. तिनंच गाणं लावायचं."

मालक पुढं आले. पण लेकीला आवडलं. तिनं तिचं पाठ झालेलं, सगळ्यात अवघड गाणं लावलं. तिला वाटलं, अजून एकदा जिंकू. तिचा काय दोष.

आम्ही उभ्या राहिलो. ती चांगली नाचते, हे सांगायला पाहिजे. निम्म्या गाण्यापर्यंत आम्ही बरोबर होतो. शेवट आला. पाय ढिले पडायला लागले, आपोआप. डावा पाय उचलला जाईना. मी तोंडानं मोजलं. एक. दोन. तीन. पूर्ण हात, पूर्ण पाय, ठोक्यावर. कुठंच लाल रेघ आली नाही.

पडद्यावर माझे गुण वर गेले आणि मशीननं विचारलं, नाव टाका. झोनचा नियम होता, आम्ही 'स्टाफ' टाकायचं. त्या मशीनवर नाव टाकायला एकेका अक्षरासमोर हवेत हात धरून थांबावं लागतं. वेळ लागतो. मी माझं नाव टाकलं. मग आडनाव. सगळे बघत होते. आडनावाच्या पुढं मी सात आकडा टाकला. मॅडमना तो वाचता आला.

"हे असं असतं," मॅडम मालकांना म्हणाल्या. "जरा जवळ केलं की डोक्यावर बसतात."

लेक माझ्या शेजारीच उभी होती. मुकुट तिरपा झाला होता. तिनं हळूच विचारलं, "मग आधीच्या सगळ्या मॅच?"

"सगळ्या," मी म्हणाले.

तिचा चेहरा पडला. मला तिची दया आली नाही. आनंदही झाला नाही. जिंकल्यावर काय वाटतं हे मला माहीत नव्हतं, तेव्हाही कळलं नाही.

मालकांनी मशीनची पिन काढली. पडदा काळा झाला. "टी-शर्ट काढून ठिव आन् जा. उद्यापून यू नको," ते म्हणाले. मी माझा ड्रेस घातला, टी-शर्ट घडी करून काउंटरवर ठेवला. शबाना नंतर म्हणाली, त्यांनी रात्रीतच मशीनच्या यादीतून माझं नाव पुसलं. पुसू दे. एक दुपार ते तिथं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी ग्राउंडवर गेले. अंग अजून बधिरच होतं. शेवटचे शंभर मीटर आले, रेघ दिसली, पाय ढिले पडले. मी मोठ्यानं मोजलं. एक, दोन, तीन. रेघेच्या पुढं दहा पावलं गेल्यावर थांबले. आजही तसंच करते, पायांवर अजून माझा विश्वास नाही.

भरतीत घेतील का, माहीत नाही. कुणी लाइन विचारली तर सातवी सांगते, विचारायच्या आधीच सांगते. ज्याला मला हरवायचंय त्यानं माझ्यापेक्षा जोरात पळावं. रेघेच्या अलीकडं मी आता कुणासाठी थांबत नाही, आणि टाळ्या वाजवत नाही.