शेकून काढलेली मूठ

आमच्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासरी गेलेल्या मुली माहेरी येतात. त्या आपल्या आपण येत नाहीत, माहेरचं कोणीतरी घ्यायला जातं. त्या माणसाला मुराळी म्हणतात. मला भाऊ नाही, त्यामुळे लग्न झाल्यापासून माझे मुराळी नानाच, म्हणजे माझे वडील. यावलजवळच्या आमच्या गावाहून ते आपली जुनी गाडी घेऊन धुळ्याला येत, चहा घेत, जेवणाचा आग्रह मोडत आणि ऊन चढायच्या आत मला घेऊन निघत. या वर्षी मात्र मी एसटीनं आले.

होळीच्या आधी नानांना अर्धांगवायूचा हलका झटका येऊन गेला. बोलणं सावरलं, पाय सावरला, डावा हात तेवढा मागे राहिला. बोटं मिटत, पण पुरती नाही. जळगावच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं, की नजर चांगली आहे, पाय चांगले आहेत, हाताला पकड आली की जवळपास हळूहळू गाडी चालवायला हरकत नाही. अडत होतं ते पकडीपाशीच. गिअरच्या दांड्यावरची काळी प्लास्टिकची मूठ लहान, त्यात घासून घासून गोटीसारखी गुळगुळीत झालेली. नानांचा हात तिच्यावरून घसरे आणि मांडीवर येऊन पडे.

मी घरी पोचले तेव्हा नाना ओट्यावर बसून फोनवर बोलत होते. जामनेरच्या कोणा माणसाला, आखाजी झाली की गाडी पाहायला या, म्हणून सांगत होते. फोन खाली ठेवून मला म्हणाले, "आता मुराळी बंद, बाई. तू आपली येत जाय एसटीनं."

केळीचा भाव सांगावा तसं त्यांनी ते सांगितलं. माय, म्हणजे माझी आई, माझी पिशवी उचलून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

ती गाडी आमच्याकडे आली तीच मुळी जुनी होऊन. एका वर्षी केळी चांगली निघाली, तेव्हा नानांनी ती रावेरच्या एका व्यापाऱ्याकडून घेतली. गावात लोक म्हणाले, ट्रॅक्टर घ्यायचा सोडून ही काय हौस. नाना त्यांना म्हणत, पोरीचं कॉलेज जळगावला आहे, ट्रॅक्टरवर बसून जाईल का ती? माझ्या आधी आमच्या घरातलं कोणी कॉलेजात गेलेलं नव्हतं. कॉलेज म्हणजे नेमकं काय करतात, हे नानांना अजूनही नीटसं कळलेलं नाही, पण तिथे वेळेवर पोचायचं असतं एवढं त्यांनी पक्कं धरलं होतं.

धुळ्याला माझ्या नोकरीची मुलाखत होती त्या दिवशीही आम्ही याच गाडीनं गेलो. मी सारा रस्ता मांडीवरच्या कागदांत डोकं घालून होते. पारोळा मागे टाकल्यावर कुठेतरी गिअरची मूठ आट्यांवरून सुटून नानांच्या हातात आली. त्यांनी मूठ खिशात टाकली, उघड्या दांड्याला रुमाल गुंडाळला आणि गाडी तशीच धुळ्यापर्यंत नेली. परत येताना त्यांचा खिसा फुगलेला पाहून मी विचारलं, तेव्हा मला कळलं. आधी का नाही सांगितलं, असं विचारलं तर म्हणाले, तुझं ध्यान वाचण्यात होतं.

घरी आल्या आल्या ते मूठ बसवायला लागले. आयुष्यभर त्यांनी विहिरीवरच्या मोटारीचे पाइप जोडलेले. पाइपाच्या आट्यांवर सुती दोरा गुंडाळायचा, वरून सफेदा, म्हणजे पांढरा घट्ट लेप, चोपडायचा आणि पाइप पान्यानं आवळून टाकायचं. सफेदा वाळून दगड झाला की थेंब बाहेर येत नाही. गिअरच्या दांड्यावरही त्यांनी हेच सगळं केलं. माय दारातून बघत होती. ती म्हणाली, "त्याच्यातून का पानी गळनार होतं?"

नाना म्हणाले, "आता नाही गळनार."

खरोखरच ती मूठ त्यानंतर कधी हलली नाही, आणि आता तीच हलवायची होती. मी ठरवलं होतं, की जामनेरचा माणूस यायच्या आत नानांच्या हाताला पेलेल अशी मूठ त्या दांड्यावर बसवायची. पकड आली तर गाडी राहील. नाही आली तर गाडी विकू नका, असं मी म्हणणार नव्हते.

मुठीवरून हात घसरतो हे मला फोनवर कळलं होतं, म्हणून दुकानातल्या मुठी मी येताना जळगावलाच पाहिल्या होत्या. सगळ्या चकचकीत, धडधाकट हातांसाठी केलेल्या. म्हणून मी यावलच्या खरादीकडे गेले. लाटणी, पोळपाट, खाटेचे खूर असं लाकूडकाम त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. नानांची आणि त्यांची जुनी ओळख, मी त्यांना चाचा म्हणते. ते म्हणाले, तुझ्या हाताचं माप काय कामाचं, नानांचा हात किती मिटतो ते आण. मायनं भाकरीच्या पिठाचा गोळा नानांच्या डाव्या हातात दिला आणि दाबायला सांगितलं. डॉक्टरांनी रबरी चेंडू दाबायला सांगितला होता, तो नानांनी कधी हातात धरला नव्हता. पिठाचा गोळा मात्र त्यांनी मन लावून दाबला. बोटांचे खळगे उमटलेला तो गोळा मी डब्यात घालून यावलला नेला. चाचांनी तो फिरवून फिरवून पाहिला आणि म्हणाले, "नानांना सांग, भाकरी चांगली थापलीय, फक्त भाजायची राहिली."

दुसऱ्या दिवशी शिसवी मूठ तयार होती. चांगली पेरूएवढी, वरून किंचित चपटी, बाजूला बोटांसाठी खळगे. आत गॅरेजवाल्याकडून आणलेला, त्याच आट्यांचा नट ठोकून बसवलेला.

आता जुनी काढायची. मी सायकलच्या ट्यूबचा तुकडा मुठीभोवती गुंडाळून पिळून पाहिलं. मग तेल सोडलं, वाट पाहिली, पुन्हा पिळलं. पाइप पान्यानं खालचा दांडा धरला आणि पुन्हा सारा जोर लावला. माझे तळवे लाल झाले, मूठ जागची हलली नाही. हातोडीनं फोडून टाकू का, असं मी म्हटलं, तर नाना म्हणाले, हातोडी दांड्याला लागली आणि आटे बसले तर नवी मूठ कशावर बसवशील? ते शेजारच्या सीटवर बसून माझी धडपड बघत होते. स्वतःचं काम इतकं पक्कं निघालं याचा त्यांना आतून आनंद होत होता. तो लपवणं त्यांना जमत नव्हतं.

मग ते म्हणाले, विहिरीवर असा सांधा अडला की आम्ही चिंधी पेटवून शेकतो, मग सफेदा नरमतो. गाडीत चिंधी पेटवणं शक्य नव्हतं.

माय तेवढ्यात बाहेर आली. ती रोज सकाळी नानांचा हात शेकते. तव्यावर जाड मीठ तापवून, फडक्यात बांधून, त्या पुरचुंडीनं खांद्यापासून बोटांपर्यंत. त्या दिवशी आखाजीचं पुरण चुलीवर असल्यानं शेकायला उशीर झाला होता. गरम पुरचुंडी घेऊन ती गाडीपाशी आली, तिनं नानांच्या हाताकडे पाहिलं, मुठीकडे पाहिलं. "दोघंही सारखेच आखडले," ती म्हणाली, आणि पुरचुंडी मुठीवर दाबून धरली.

एक पुरचुंडी निवली की ती दुसरी आणी. एकदा मुठीला, एकदा नानांच्या हाताला, असं आळीपाळीनं शेकणं चाललं. प्लास्टिक हात लावता येणार नाही इतकं तापलं, तेव्हा मी पान्यानं दांडा धरला. नानांनी ट्यूबवर उजवा हात ठेवला, त्यावर डावाही आणून ठेवला आणि पिळलं. कर्र आवाज झाला. मूठ पाव फेरा फिरली, मग अर्धा, मग सुटून आली. आतला दोरा अजून पांढरा होता. नानांनी तो आम्हा दोघींना दाखवला. "पाह्य, कसं बसवलं होतं."

नवी मूठ बसवायची वेळ आली तर त्यांनी घरातून सफेद्याचा डबा आणायला सांगितला. माय म्हणाली, या खेपेला सफेदा लावला तर पुन्हा शेकायला मला बोलवायचं नाही. शेवटी नुसत्या दोऱ्यावर तडजोड झाली.

गाडी आम्ही केळीच्या पॅकिंग शेडपुढच्या मोकळ्या पटांगणात नेली. सणामुळे तिथे एकही ट्रक नव्हता. नाना चालकाच्या जागेवर, शेजारी माय, मागे मी. नानांनी डावा हात मुठीवर ठेवला. बोटं आपापल्या खळग्यांत बसली. पहिला गिअर पडला. दुसरा पडला. पटांगणाला एक फेरी झाली, तिसराही पडला.

मग त्यांनी गाडी थांबवली आणि मागचा गिअर टाकायला गेले. त्या गाडीचा मागचा गिअर दांडा खाली दाबल्याशिवाय पडत नाही. हात मुठीवरून आता घसरत नव्हता, पण खाली दाबायला त्यात जोर नव्हता. त्यांनी पुन्हा दाबून पाहिलं, पुन्हा दाबून पाहिलं. मग हात उचलून मांडीवर ठेवला आणि समोर बघत म्हणाले, मागं घेता येत नसली तर गाडी कोणी दारात ठेवत नाही. जामनेरच्या माणसाला येऊ दे.

मायनं पदराला हात पुसले. पुरणाची हळद तिच्या नखांत होती. "कितीक जोर लागतो?" तिनं विचारलं. नाना म्हणाले, फार नाही, वरून दाबायचं. तिनं त्यांचा हात उचलून मुठीवर ठेवला, त्यावर आपला ठेवला आणि पुरण वाटताना देते तसा अंगाचा भार दिला. दांडा खाली गेला, डावीकडे सरकला आणि गिअर पडला. गाडी हळूच मागे निघाली.

नानांनी पटांगणातूनच जामनेरला फोन लावला. आखाजीच्या शुभेच्छा दिल्या, पाऊसपाणी विचारलं आणि शेवटी म्हणाले, गाडी द्यायची नाही, घरात लागते.

मी धुळ्याला परत निघाले त्या दिवशी ते दोघं मला यावलच्या स्टँडवर सोडायला आले. धुळ्यापर्यंतचा रस्ता पुढच्या वर्षी बघू, नाना म्हणाले. मी पिशवी घेऊन उतरले आणि खिडकीशी उभी राहिले. समोर बस लागलेली, त्यामुळे गाडी मागे घेणं भाग होतं. मायनं न सांगता हात ठेवला, दोघांनी मिळून दांडा दाबला, गाडी मागे आली. पुढे जायला आता रस्ता मोकळा होता. तरी हात मुठीवर एकावर एक तसेच.

"सोडा आता," माय म्हणाली. "मागचे हॉर्न वाजवून राह्यले."

"तुझा हात वर आहे," नाना म्हणाले. "तू सोड."