बाजाररस्त्याचे साहेब

आमचे साहेब खुर्चीत टिकत नसत. बारामतीत त्यांचं नकाशे काढायचं छोटं ऑफिस होतं आणि मी तिथं ट्रेसिंगला होते. एमआयडीसीत कामाला लागलेल्या लोकांच्या नव्या वसाहतींची कामं आमच्याकडं येत. गिऱ्हाईक बसतं न बसतं तोच साहेब चपला घालत. "चला, जागेवर जाऊन बोलू." त्यानं मोटारसायकलला किक मारली की म्हणत, "ती राहू द्या. तुमची आई पायी दळण आणायला निघालीय असं समजा आणि तिच्यासारखं चला." बरेच जण चिडायचे. एखादा चालायचा.

नव्वदच्या दशकात इंदापूरच्या नगरपालिकेकडून बाजाररस्त्याचं काम आलं आणि त्यांची झोपच उडाली. रस्ता रुंद करायचा, दुकानांपुढचे ओटे आणि दोन्ही बाजूंचे कडुनिंब काढायचे, असं जवळजवळ ठरलं होतं. साहेबांच्या डोक्यात उलटंच होतं. गाड्या बाहेरून वळवायच्या. आतला रस्ता, झाडं, ओटे सगळं चालणाऱ्यांचं. कापडदुकानदार तात्यांनी सगळ्यांच्या वतीनं ऐकवलं, "साहेब, गिऱ्हाईक आता गाडीवरनं येतंय. गाडी लावायला जागा न्हाय तर दुकान कुणासाठी उघडायचं?"

"एक बाजाराचा दिवस द्या," साहेब म्हणाले. "नाही पटलं तर पहिला ओटा मी स्वतः फोडतो."

परवानगी मिळाली. बाजाराच्या सकाळी रस्त्याच्या दोन्ही तोंडांना डांबराची रिकामी पिंपं लावून आम्ही गाड्या अडवल्या. सुरुवातीला रस्ता ओस. साहेब या पिंपापासून त्या पिंपापर्यंत येरझाऱ्या घालत होते, मधेच माझ्यावर खेकसत होते. ऊन चढलं तशी माणसं आली आणि रेंगाळली. बायका तात्यांच्या ओट्यावर टेकल्या, टेकल्यावर आत डोकावू लागल्या. कळस गावाहून आलेली एक म्हातारी पाटी उतरवून चक्क रस्त्यातच बसली. मी विचारलं, "आजी, इथं का बसलात?"

"आज कुणी हॉर्न वाजवंना, म्हातारे बाजूला हो म्हनंना," ती म्हणाली. "म्हनून टेकले जरा."

साहेबांनी ते ऐकलं आणि तोंड फिरवून चष्मा पुसला.

दुपारी एक जीप पिंपाशी येऊन थांबली. आत बाळंतपणाला अडलेली बाई होती आणि दवाखाना रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला. साहेबांनी स्वतः पिंपं ढकलली. जीपच्या पुढं पळत, लोकांच्या पाट्या बाजूला सारत त्यांनी वाट काढून दिली. बाई सुखरूप सुटल्याचं संध्याकाळी कळलं. तात्या जवळ आले. "धंदा झाला, खोटं कशाला बोलू. पन त्या जीपमधी माझी सून असती तर?"

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात आले तर जुना नकाशा फाडलेला, नवा निम्मा झालेला. नव्यात मधोमध जीपला सरळ जाता येईल एवढी वाट होती.

यश आलं ते अर्धंच. तात्यांची बाजू साहेबांच्या नकाशाप्रमाणं झाली. समोरच्या दुकानदारांनी ऐकलं नाही. तिकडचे ओटे फुटले, कडुनिंब गेले. झाडं पाडत होते त्या दिवशी मी नको म्हणत असताना साहेब तिथं जाऊन उभे राहिले. नंतर बारामतीत त्यांचा जीव लागेना. गिऱ्हाइकांशी खटके उडू लागले. एक दिवस ऑफिस माझ्या हवाली करून ते विदर्भाकडं निघाले. कुठल्या गावाला, ते त्यांनाही ठरवता आलं नव्हतं. "पत्ता कळवा," मी म्हटलं. तो काही आला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात तात्या ऑफिसात आले. "साहेबांचा ठावठिकाणा हाय का? समोरच्यांची दुकानं नुसती तापत्यात. गिऱ्हाईक समदं आमच्या सावलीला. आता म्हनत्यात, आमच्या बाजूलाबी तसंच करून द्या."

मी नाही म्हणून मान हलवली. तात्या उठले नाहीत.

"मग तुमी चला की, बाई."

मी मापाची टेप पिशवीत टाकली आणि त्यांच्याबरोबर इंदापूरची एसटी धरली.