आतोबांनी सुमनसाठी पाहिलेलं स्थळ

आमच्या आतोबांनी उभ्या आयुष्यात कुठलीही वस्तू, जनावर किंवा माणूस स्थळासारखं पाहिल्याशिवाय पसंत केलं नाही. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. राहायला भिंगारला, छावणीत तंबू शिवायच्या कामावर मुकादम. पण ते पोटापुरतं. खरं काम लग्नं जमवायचं. त्यातून त्यांनी सुपारीच्या खांडापलीकडे कुणाकडून काही घेतलं नाही, म्हणून त्याला धंदा म्हणवत नाही, खोड म्हणावी. नेवासा, शेवगाव, पार राजूरच्या डोंगरापर्यंत त्यांनी लेकी दिल्या आणि सुना आणल्या. मी स्वतः मराठी तिसरी शिकलेला माणूस. सोनईला भुसाराचं दुकान चालवलं, कुणाच्या सल्ल्यावाचून चालवलं, आणि सहसा कुणाची तारीफ करत नाही. पण आतोबांनी जमवलेलं लग्न मोडल्याचं माझ्या कानावर कधी आलं नाही, एवढं मान्य करतो.

साधा पाण्याचा माठ घ्यायचा तरी त्यांचा अर्धा दिवस जाई. माठ वाजवून सगळेच बघतात. आतोबा कुंभाराला माती कुठल्या ओढ्याची, भट्टी कुणी लावली, हे विचारून मग या माठाचा थोरला भाऊ कुणाकडे दिलाय ते विचारत. थोरला भाऊ म्हणजे त्याच भट्टीतला आधी विकलेला माठ. मग त्या घरी जाऊन तो पाझरतो का, पाणी गार ठेवतो का, घरच्यांशी कसा वागतो, ते बघून येत आणि मगच होकार देत. छावणीलगत नवा डॉक्टर आला तेव्हा आत्या तापानं फणफणली होती. आतोबा डॉक्टरला बोलवायला गेले आणि आधी त्याच्या आजोबांची चौकशी करत बसले. घराण्यात कुणाचा हात कापतो का, हे त्यांनी इतक्या आडवळणानं विचारलं की डॉक्टरला वाटलं, सोयरीकच सांगून आलीय. तो होता बिनलग्नाचा. त्यानं लाजत लाजत तीन पिढ्यांची माहिती दिली. तोवर इकडे आत्याचा ताप आपोआप उतरला. पुढच्या वर्षी त्या डॉक्टरचं लग्न आतोबांनीच जमवलं.

स्थळ बघायची त्यांची रीत ठरलेली. आगाऊ कळवायचं नाही. पुढच्या दारानं शिरायचं, ओसरीवर टेकल्यासारखं करायचं आणि हातपाय धुवायच्या निमित्तानं थेट मागच्या दारी जायचं. ते म्हणत, "ओसरी पाव्हन्यासाठी सारवलेली असती. मोरी बगा." नवऱ्या मुलाला ते चार पावलं चालायला लावत आणि दोन ओळी वाचून दाखवायला सांगत, कारण मुलींना सगळे चालवतात आणि वाचायला लावतात, मग मुलांनी काय घोडं मारलंय, असं त्यांचं म्हणणं. आणि आपल्या मुलीतली खोट आपण आधी सांगायची. मागून कळलेली खोट दुप्पट मोठी दिसते, म्हणून.

एक गोष्ट मात्र त्यांनी स्वतःच्या जिवावर बेतेपर्यंत पाळली. लेक दिली की तिच्या पदरात मूल पडेपर्यंत तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही. ही चाल आमच्याकडे सगळ्यांचीच, पण ती आई-बापांपुरती. आतोबांनी जमवलेली प्रत्येक मुलगी त्यांची लेक. त्यामुळे ऐन वैशाखात नगरच्या पेठांमधून जाताना त्यांची फार पंचाईत होई. या दारात दिलेली लेक, त्या माडीवर दिलेली लेक, आणि आतोबा मधून ओठ चाटत निघालेले. आत्या म्हणायची, यांनी आणखी दोन लग्नं जमवली तर नगरात यांना पाणी प्यायला घर उरायचं नाही.

सुमन माझी धाकटी बहीण. वडील लवकर गेले, म्हणून तिचं सगळं माझ्याकडे. शाळेसाठी तिला भिंगारला आत्याकडे ठेवली होती. इंग्रज आता जाणार, असं जो तो बोलत होता, त्या उन्हाळ्यात ती मॅट्रिक पास झाली आणि सोनईला येऊन दुकानाच्या दारात उभी राहून म्हणाली, मला कॉलेजात राज्यशास्त्र शिकायचंय. दुकानातल्या एकालाही तो शब्द माहीत नव्हता. मलाही नव्हता, पण मी तसं चेहऱ्यावर दाखवलं नाही. ती म्हणाली, "दादा, आता राज्य आपलं येणार. कायदा कोण करतो, वरच्याला कोण अडवतो, हे सगळं त्यात शिकवतात." मी म्हणालो, मला दुकान चालवायला कुणी शिकवलं नव्हतं. ती म्हणाली, म्हणूनच तुला कुणी अडवत नाही. दुकानातले हसले. मी हसलो नाही.

मग मी शब्द दिला. आखाड सरायच्या आत कॉलेजात जागा मिळाली तर शीक. नाही तर शेवगावचं स्थळ विचारतंय, तुळशीचं लग्न झालं की तुझं. मी दिलेला शब्द फिरवत नाही हे सोनईत कुणालाही विचारा. त्या शब्दाबद्दल मला तेव्हा काही वाटलं नाही, आजही वाटत नाही. मुलगा चांगला होता, घरी विहीर बागायत होती. आणि ते स्थळ आणलं होतं खुद्द आतोबांनीच.

मला वाटलं, आतोबा माझ्या बाजूनं बोलतील. ते आले, जेवले, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "राज्य कसं मिळनार ते अजून ठरायचंय आन् ही त्याचं शास्तर शिकनार. बरं. शेवगाव मी बगितलंय. आता हिचं कॉलेज बगतो. मग बोलू."

आणि त्यांनी कॉलेजं बघायला सुरुवात केली. नगरात त्याच सुमाराला नवं कॉलेज निघत होतं. आतोबा दोन वेळा जाऊन आले. मंडळी भली आहेत म्हणाले, पण घर नवं, अजून चूल पेटायची आहे. सुमनच्या विषयाचा वर्ग कधी निघेल ते कुणी छातीठोकपणे सांगेना. मुंबईचं नाव मी काढलं, तर समुद्राकाठी लेक द्यायची नाही म्हणाले, पाणी खारट. राहिलं पुणं. आम्ही तिघं मोटारीनं निघालो. शिरूरला मोटार थांबली तेव्हा आतोबा तांब्याभर पाणी प्यायले, ते त्या दिवसाचं शेवटचं.

पहिलं कॉलेज म्हणजे दगडी राजवाडाच. आतोबांनी कमानीकडे ढुंकून पाहिलं नाही. हातपाय धुवायचेत म्हणून ते जे मागं गेले ते बराच वेळ आले नाहीत. खाणावळीतल्या आचाऱ्याला भाकरी मिळते का विचारलं, कपबशा विसळणाऱ्या बाईला मुली ताटात काय टाकतात ते विचारलं, आणि शेवटी राज्यशास्त्राच्या प्रोफेसरांना गाठून दोन ओळी वाचून दाखवा म्हणाले. प्रोफेसर कोट-टायमधले. त्यांनी आतोबांना शिपायाकरवी फाटकापर्यंत पोचवलं. बाहेर येऊन आतोबा मला म्हणाले, घर मोठं आहे पण सासू फार.

दुसरं कॉलेज लहान. भिंतींचे पोपडे निघालेले, पण मागची मोरी लख्ख. तिथला प्रोफेसर तरुण होता. आतोबांनी वाच म्हटल्यावर तो आधी गोंधळला, मग हसला आणि हातातलं पुस्तक उघडून त्यानं वाचलं, वर त्याचा मराठीतून अर्थही सांगितला: राज्य करणाऱ्यानं लोकांना विचारल्याशिवाय कर बसवू नये, असं काहीसं. आतोबांनी विचारलं, असं कुठं असतं का? तो म्हणाला, असावं म्हणून शिकवतो. आतोबा माझ्या कानाशी लागले, "तोतरा न्हाई. पोरगं सरळ हाय."

पण घर आपल्याला पसंत पडून भागत नाही, घरानंही मुलगी पसंत करावी लागते. कारकुनानं सुमनचे मार्क बघून तोंड वाकडं केलं. मुलींच्या वसतिगृहात जागा एकच उरली होती आणि मागणाऱ्या बऱ्याच होत्या, सगळ्यांचे मार्क हिच्याहून बरे. शिवाय त्यानं सांगितलं की राज्यशास्त्र काही लगेच सुरू होत नाही. आधी दोन वर्षं सगळेच विषय, इंटर पास झाल्यावर बी. ए.ला मग तो विषय घ्यायचा. आतोबांना हे फार पटलं. "म्हंजी साखरपुडा आत्ता, लगीन दोन वर्सांनी. चालंल." कारकून म्हणाला, चालेल की नाही ते प्रिन्सिपॉलसाहेब ठरवतील, पण आशा धरू नका. सुमन भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. शेवगाव तिच्या पाठीवर दिसत होतं.

प्रिन्सिपॉल वयस्कर, बारीक चष्म्याचे. त्यांनी बसा म्हटलं आणि आतोबांनी बसायच्या आधीच आपली रीत सुरू केली.

"सायेब, आदी खोट सांगतो. गनितात काठावर पास हाय. सकाळी हाका मारल्याबिगर उठत न्हाई. आन् रागीट लई. पटलं न्हाई तर थोरल्या भावाला सुदिक तोंडावर सांगती. ह्यो बगा भाऊ, विचारा."

प्रिन्सिपॉलांनी माझ्याकडे पाहिलं. मी पागोटं सावरलं. सुमनचे कान लाल झाले होते, आणि ती आता रडेल की आतोबांना बोलेल, हे मला सांगता आलं नसतं.

प्रिन्सिपॉलांनी लेखणी खाली ठेवली. "मग मी हिला का घ्यावी?"

"नांदनारी हाय म्हनून."

 प्रिन्सिपॉलांनी चष्मा काढला आणि आपलं दुखणं सांगितलं. हुशार हुशार मुलींना जागा दिल्या, म्हणाले, आणि दिवाळीत कुणाचे तरी काका येतात, लग्न ठरलं म्हणतात, ट्रंक उचलतात आणि मुलगी घेऊन जातात. जागा वर्षभर रिकामी. जिला ती नाकारली तिचंही वर्ष गेलेलं. "तुम्हीही दिवाळीत याल," ते म्हणाले.

"न्यायला येनारा मीच असतो, सायेब," आतोबा म्हणाले. "आमच्या भागातल्या सोयरिकी माझ्या हातनं हुत्यात. मी मनावर घेतलं न्हाई तर हिचं लगीन जमवायची कुनाची टाप न्हाई. चार वर्सं मी मनावर घेत न्हाई." आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "पाव्हनं, शेवगावला मी उद्याच न्हाई म्हनून सांगून येतो."

मी म्हणालो, आधी जागा तर मिळू द्या. माझा शब्द तसाच होता. एवढ्यात शिपाई पाण्याचे पेले घेऊन आला. शिरूरपासून कोरड पडलेली, बाहेर ऊन, आतोबांचा हात पेल्याकडे गेलासुद्धा. तो हात त्यांनी तसाच मागं घेतला आणि दुसऱ्याला जोडला.

"न्हाई सायेब. आता हे लेकीचं घर झालं."

प्रिन्सिपॉलांना आधी उमगलं नाही. सुमनला उमगलं, तिनं तोंडाला पदर लावला. मग तेही लेकीबाळीवाले असावेत, कारण ते एकदम हसले, आतोबांपुढचा पेला स्वतः उचलून बाजूला ठेवला आणि कारकुनाला हाक मारून म्हणाले, हिचं नाव घाला. माझ्या शब्दाला कुठं धक्का लागला नाही. आखाड सरायला अवकाश होता.

पुढची चार वर्षं आतोबांनी आपलं बोलणं कसं पाळलं ते सगळ्या भागानं पाहिलं. सुमनला मागणी आली की ते सांगत, मुलगी दिलेली आहे. कुठं, विचारलं की म्हणत, "पुन्याला. घर मोठं हाय, मानसं लई." शेवगावकर रागावले, तर त्यांच्या मुलाला आतोबांनी सोनईचीच दुसरी मुलगी शोधून दिली. सणावाराला ते सुमनला भेटायला पुण्याला जात आणि कॉलेजच्या फाटकाबाहेर लिंबाखाली बसत, सोबत भिंगारच्या विहिरीच्या पाण्याचा तांब्या, वर फडकं बांधलेलं. वसतिगृहातल्या मुली त्यांना पाणी देऊन बघत, सरबत देऊन बघत. उन्हाळ्यात शिपाईही आग्रह करी. आतोबांचं एकच, "पदरात काई पडू दे."

इंटरला ती एकदा नापास होता होता वाचली. गणितच. मी आतोबांना म्हणालो, बघा तुमची नांदणारी. ते म्हणाले, लेक सासरी पहिल्यांदा भाकरी करपवतेच.

सुमनच्या पदरात डिग्री पडली त्या दिवशी आम्ही दोघं पुण्याला गेलो. आतोबा तोवर वाळले होते, हातात काठी आली होती, मोटारीतून उतरताना मी त्यांच्या दंडाला धरलं तर दंड माझ्या मुठीत मावला. त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत. सुमन पुढं त्याच विषयाची शिक्षिका झाली, तिच्या हाताखालून किती मुली गेल्या ते तिलाच ठाऊक. लग्नही तिनं केलं, स्वतः बघून, मागच्या दारानं शिरून.

पण मला तो दिवस आठवतो. सुमन काळा झगा सावरत आली आणि आतोबांच्या पाया पडली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, मग शिपायाकडे गेले आणि म्हणाले, "दे बाबा आता पानी." शिपायानं माठातून पेला भरला. आतोबांनी डोळे मिटून तो संपवला, मिशा पुसल्या आणि दुसरा मागितला. "ग्वाड हाय," म्हणाले.

मीही पिऊन पाहिलं. मचूळ होतं. आमच्या सोनईच्या विहिरीची त्याला सर नव्हती, आणि एरवी मी तसं तोंडावर सांगितलं असतं. त्या दिवशी मी पेला रिकामा केला आणि म्हणालो, व्हय आतोबा, गोड आहे.