जहाजाला फाटा नसतो

संध्याकाळी गावाबाहेरच्या लोहाऱ्याच्या बाजूने कारखान्याचा भोंगा वाजतो आणि माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीची काच किंचित थरथरते. वर्षानुवर्षे मी तो ऐकत आले, पण त्यात ऐकण्यासारखे काही असते असे कधी वाटले नव्हते. गेल्या हिवाळ्यापासून मात्र तो वाजला की हातातले लाटणे थांबते आणि डोळ्यांसमोर पाणीच पाणी उभे राहते, सावळे, अथांग, दिव्यांनी झगमगणारे! तुम्ही कधी जहाजाचा भोंगा ऐकला आहे का? तो कानांनी ऐकायचा नसतोच मुळी. तो तळपायांतून चढतो, पोटात घुमतो आणि छातीत बराच वेळ मुक्काम करतो.

यवतमाळच्या कॉलेजात एका बाकावर बसणाऱ्या आम्ही तिघी मैत्रिणी. मी जन्मभर कचेरीतल्या फायली सांभाळल्या, प्रमिलाने शाळेतली पोरे सांभाळली आणि उमरखेडच्या सुनंदाने कापूस, तूर आणि सासर. साठी आली तरी समुद्र एकीनेही पाहिलेला नव्हता! आम्ही मुंबईला निघालो ते समुद्रासाठी, असे आपले सांगायचे. खरे कारण होते सुनंदाची लेक पल्लवी. ती प्रवासी जहाजाच्या भटारखान्यात पाव-केक भाजायच्या नोकरीला लागली होती आणि सुनंदाला ते अजिबात मंजूर नव्हते. "जमिनीवरची भाकर सोडून पाण्यावर पाव भाजाले कायले जाते?" एवढा एकच तिचा प्रश्न. घरून निघताना पल्लवी उंबऱ्याशी थांबून "येतो, आई" म्हणाली. आपल्याकडे जाणारा "येतो" म्हणतो आणि राहणाऱ्याने "ये बरं" म्हणायचे असते. सुनंदा सुपातली तूर पाखडत राहिली. पोर थोडा वेळ तशीच उभी राहिली आणि मग गेली.

त्यानंतर महिनाभर मायलेकींचे बोलणे नाही. न म्हटलेला एक शब्द माणसाला किती कुरतडतो! सुनंदाचे जेवण तुटले, झोप तुटली, हट्ट तेवढा शाबूत राहिला. पल्लवीचे जहाज मुंबईहून सुटायचे आहे असे कळताच प्रमिलाने सुनंदाला विचारलेसुद्धा नाही, सरळ तिकिटे काढली. "समुद्र पाह्याले चाललो आपण. जहाज दिसलं त दिसलं."

बंदरात आत सोडत नाहीत म्हणून आम्ही किनाऱ्यावरच्या कठड्याशी जागा धरली. सूर्य बुडाला आणि समोरून एक पांढरेशुभ्र जहाज सरकू लागले. जहाज कसले, मजल्यांवर मजले चढवलेले, खिडकी-खिडकीत दिवा लावलेले एक अख्खे गावच! प्रमिलाने आणि मी जीव तोडून हात हलवले, ओढण्या हलवल्या, "पल्लवी, वं पल्लवी" अशा हाका मारल्या. शेजारचा कणसेवाला हसून म्हणाला, "मावशी, हे तर आत्ता येतंय. जाणारं अजून धक्क्यालाच आहे." अशा फजितीचे त्या क्षणी काही वाटत नाही, उलट आणखी एक जहाज पाहायला मिळणार याचाच केवढा आनंद!

आणि मग ते सुटले. सुटता सुटता पलीकडे पाण्यातल्या तराफ्यावरून कुठल्याशा सोहळ्याची आतषबाजी सुरू झाली. आकाशात सोन्याची झाडे उगवू लागली, हिरवी-जांभळी फुले पाण्यावर सांडू लागली, आणि त्या साऱ्या उजेडातून ते महाकाय जहाज संथपणे बाहेर निघाले. मी तर लहान मुलीसारखी टाळ्या पिटत होते! सुनंदाचे हात मात्र पदराखाली घट्ट होते. तेवढ्यात भोंगा वाजला. तळपायांतून वर चढला. सुनंदाचा उजवा हात आपोआप वर गेला आणि फटाक्यांच्या कडकडाटात ती ओरडली, "ये बरं, बाई! ये!" कोणाला ऐकू जाणार होते ते?

आमच्याकडे निरोपाची एक रीत आहे. एसटी सुटली की ती फाट्यावर वळून दिसेनाशी होईपर्यंत हात वर ठेवायचा, जागचे हलायचे नाही. आधी पाठ फिरवणे बरे नव्हे. एसटीचा फाटा दोन मिनिटांत येतो. पण जहाजाला कुठला आलाय फाटा! ते आपले सरळ जात राहिले, लहान होत राहिले, दिसेनासे काही होईना. आतषबाजी संपली, धूर विरला, कणसेवाल्याचे कोळसे राखेने झाकले गेले, आणि सुनंदाचा हात तसाच.

"सुनंदे, हे काही वळून नाही राह्यलं वं. किती वेळ उभं राह्याचं?" प्रमिलाने विचारले.

"दिसून राह्यलं नं अजून," सुनंदा म्हणाली आणि डाव्या हाताने उजवा कोपर धरून उभी राहिली. प्रमिला जरा बाजूला होऊन मोबाईलवर पल्लवीला काहीतरी लिहीत बसली. थोड्या वेळाने सुनंदाच्या पिशवीतला फोन वाजला. पल्लवीचा निरोप होता. सुनंदाजवळ चष्मा नव्हता म्हणून मीच वाचून दाखवला. "आई, हात दुखला असंल. मी फाटा वळली. जाय आता घरी."

सुनंदाने समोर पाहिले. जहाजाचा दिवा अजून स्पष्ट दिसत होता, तिघींनाही दिसत होता. तिने हात खाली घेतला, डोळे पुसले आणि म्हणाली, "वळली म्हणते नं पोरगी, मंग चला." ज्या रस्त्याला वळण नाही त्यावर लेकीने आईसाठी एक वळण काढून दिले होते. निरोप देणाऱ्यासाठी याहून अधिक काय करायचे असते?

पल्लवी पोळ्याला यायची आहे. आता संध्याकाळी सुनंदाला फोन लावावा तर तो लागत नाही, मायलेकींचे बोलणे चाललेले असते. आत्ताही लोहाऱ्याचा भोंगा वाजतो आहे, खिडकीची काच थरथरते आहे, तव्यावरची पोळी करपते आहे, आणि मी एकटीच खिडकीकडे तोंड करून म्हणते आहे, ये बरं.