बीकरमधली साखर

एका धडधाकट माणसाला मी मधुमेही ठरवलं होतं. वानखेडेदादा गेल्याचं कळलं, त्याला आता महिना होत आला. तेव्हा पहिल्यांदा मला हेच आठवलं, त्यांचे उपकार मागाहून... माझी स्मरणशक्तीही माझ्यासारखीच, स्वतःपासून सुरू होणारी.

भिलाईचा कारखाना तेव्हा उभा राहत होता. भरती होणाऱ्या कामगारांच्या तपासणीसाठी एका बराकीत प्रयोगशाळा होती. कामठीचे वानखेडेदादा तिथले टेक्निशियन आणि मी त्यांचा बीएस्सी झालेला, म्हणूनच निरुपयोगी, मदतनीस. लघवीची नळी उकळता उकळता ते शिकवायचे, की माणूस चार जातींच्या रेणूंवर चालतो : साखर-पिठातली कर्बोदकं, प्रथिनं, चरबी आणि पेशींच्या गाभ्यातली, आईबापाचा वारसा सांभाळणारी न्यूक्लिइक आम्लं. पैकी साखर आणि प्रथिनं आमच्या नळीत सापडत. बाकीचं मोठे डॉक्टर पाहून घेतील, म्हणायचे.

मे महिन्यातल्या एका सकाळी मी तिथल्याच बीकरमध्ये ग्लुकोजचं लिंबू-शरबत करून प्यायलो, बीकर वरवर विसळला आणि त्यातच पुढचा नमुना घेतला. साखर तपासायचं निळं द्रावण उकळताच विटकरी लाल झालं. भंडाऱ्याहून आलेल्या रामटेकेच्या कागदावर मी ठसठशीत अक्षरात ‘साखर’ लिहिलं. तो अनफिट ठरला. गावाकडे बायको आणि दोन पोरी त्याच्या नोकरीवर डोळे लावून बसलेल्या, आणि भरतीची यादी त्याच दुपारी बंद होणार होती.

दादांनी बीकर उजेडात धरला. तळाशी लिंबाची बी. ते ओरडले नाहीत. सायकलची किल्ली तेवढी माझ्यापुढे केली. दुर्ग स्टेशनच्या रस्त्यावर रामटेके सापडला, डोक्यावर ट्रंक घेऊन पायी निघालेला. कॅरियरवर बसल्यावर म्हणाला, “साहेब, साखर तं मी लग्नातच खाल्ली. आंगात घुसली कवा?” मी आणखी जोरात पेडल मारलं.

नवा नमुना, नवी नळी. पाणी खळखळत होतं. रामटेके दारात उभा, दादांचं लक्ष घड्याळाकडे. आणि मी? लिहायला लाज वाटते, पण मी मनात म्हणत होतो, होऊ दे लाल... लाल झाली तर त्याची नोकरी जाणार होती, माझी वाचणार होती. दादा माझ्याकडे न बघताच हळू म्हणाले,

“तुले काय पाह्यजे, ते नळीले ठाऊक नाही रे.”

पाच मिनिटं झाली. निळी ती निळीच. ‘साखर’ खोडलेला कागद दादांनी स्वतः डॉक्टरांकडे नेला. आत काय बोलणं झालं ते कधी सांगितलं नाही. रामटेके कोक ओव्हनच्या भट्टीवर लागला, आणि मीही राहिलो.

परवा भिलाईतच स्मृती नगरला, दादांच्या घरी, वहिनींना भेटायला गेलो. दादांच्या खोलीत खिडकीच्या खिळ्याला नळी धरायचा त्यांचा लाकडी चिमटा अजून लटकतोय, कडा जळून काळ्या पडलेला. तो पाहून राहवेना. त्या नळीकडे बघत मनात काय मागत होतो तेसुद्धा वहिनींना सांगून टाकलं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा पदराने पुसला.

“हे त्यायनं मले कितीदा सांगतलं. नाव नाही घेतलं कधी, ‘एक गाढव होतं’ म्हणत.” चष्मा चढवून त्यांनी मला नीट न्याहाळलं. “आन् मी इतके वर्षं तुमाले शहाणे समजून राहिली होती.”