दगडाभोवतीचा पिवळा चौकोन

हे सदर मी नेमानं वाचते, आणि खरं सांगायचं तर हसायला वाचते. पांढऱ्या साडीतली बाई आली की पान उलटायचं, असा माझा शिरस्ता. आज मीच लिहायला बसलेय, तेव्हा तुम्ही हसलात तरी माझी तक्रार नाही.

मी भूकरमापक आहे, म्हणजे लोकांच्या भाषेत ‘मोजणीवाल्या मॅडम’. तेरा वर्षं लोकांच्या जमिनी मोजतेय. “मॅडम, ह्यो दगड रातीतनं आपोआप सरकलाय बघा,” हे मी इतक्या बांधांवर ऐकलंय की माझं उत्तर पाठ झालंय — दगड सरकतो, फक्त त्याला दोन हात लागतात, आणि ते हात शेजाऱ्याचे असतात. भुतंखेतं, बाहेरचं, लागिर... मी त्यांच्या वाऱ्यालाही उभी राहत नसे.

आधी जागा सांगते, सवयच आहे. आमचं घर बेंबळीत, गावाच्या अगदी कडेला. घरामागून एक पाणंद निघते ती शेतांमधून थेट पाझर तलावाच्या बांधाला भिडते. नऊशे चाळीस मीटर, मी स्वतः मोजलेत. तलावावरून घरी यायला दुसरी वाट म्हणजे डांबरी सडक, पण ती दुपटीहून लांब पडते. पाणंदीच्या मध्यावर एक बाभूळ आहे, बाभळीखाली हद्दीचा दगड, आणि दगडाला लागूनच कुणीतरी पाइपलाइनसाठी खणून महिनाभर तसाच उघडा टाकलेला चर. एवढं ध्यानात ठेवा, म्हणजे झालं.

घरात आम्ही दोघीच असतो, मी आणि माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्या म्हणते. नवरा नोकरीला नांदेडला, शनिवारी येतो. डॉक्टरांनी शुगर वाढलीय म्हटल्यावर मी संध्याकाळचं पळायला लागले, तेव्हा पहिल्या दिवशी आत्या दारात उभं राहून म्हणाल्या होत्या, “अगं, कोन मागं लागलंय तुझ्या?” पण पुढं शेजारच्या बायका कुजबुजायला लागल्यावर त्याच माझ्या बाजूनं उभ्या राहिल्या. “माझी सून पळती. तुमच्या बसून फुगायल्यात, ते बघा आधी!” त्यानंतर माझे बूट रोज पाच वाजता झाडून दारात मांडून ठेवायचं काम त्यांनी आपणहून घेतलं.

कॅमेरा नवऱ्यानं वाढदिवसाला दिला. छोटा, साबणाच्या वडीएवढा, कमरेच्या पाऊचमध्ये बसणारा. पळताना फोन लई उड्या मारतो आणि तलावावरच्या पक्ष्यांचे फोटो त्यावर धड येत नाहीत, ही माझी जुनी रड. त्या दिवशी — माघ होता, ज्वारी काढणीला आलेली — मी पहिला फोटो आत्यांचाच काढायला गेले. त्यांनी लगेच पदर तोंडावर ओढला. त्यांचा एकही फोटो घरात नाही. लग्नातल्या फोटोतही मान फिरवलेलीच आहे.

“आत्या, एकच काढू द्या ना.”

“माझा फोटो एकदाच लागल, भिंतीवर. त्येची घाई कशाला करायलीस? ने ती डबी तिकडं.”

मी हसले, बूट चढवले आणि निघाले.

बाभळीपाशी ऊन तिरपं आलं होतं. दगडावर छान पिवळा उजेड पडला होता, म्हणून थांबले. कॅमेऱ्यात ती सोय होती... माणसाचा चेहरा दिसला की पडद्यावर त्याच्याभोवती पिवळा चौकोन येतो. समोर फक्त दगड, बाभूळ आणि चराची माती. चौकोन आला तो दगडाच्या शेजारी, जमिनीपासून दोनेक फुटांवर. मी कॅमेरा हलवला, पुन्हा धरला. चौकोन पुन्हा तिथंच. नव्या यंत्राला अक्कल कमी, असं म्हणून मी बटण दाबलं आणि पुढं पळाले.

तलावावर बगळ्यांचे नऊ-दहा फोटो काढले, बुडत्या सूर्याचे चार काढले. सूर्य गेल्यावर बांधावर बसून एकेक मागं बघत गेले. बगळे, बगळे... आणि मग तो दगडाचा.

दगडाला टेकून आत्या बसल्या होत्या.

एक पाय लांब केलेला, दुसरा चरात लोंबलेला. पदर डोक्यावरून घसरलेला. मांडीवरच्या हातात काहीतरी चमकत होतं — मला वाटलं तांब्या असावा. आणि ज्या बाईनं आयुष्यभर कॅमेऱ्यापुढं मान फिरवली, ती सरळ माझ्याकडं बघत होती. तोंड उघडं, हाक मारताना असतं तसं.

माझे हातपाय गार पडले. हे असं फक्त गोष्टीत लिहितात, असं मला वाटायचं. तसं नाही. खरंच पडतात. मी फोटो मोठा करून बघितला, कॅमेरा बंद करून परत चालू केला. आत्या होत्याच. मग मला सुचलं की फोन करावा.

दुसऱ्या रिंगला आत्यांनीच उचलला. “बोल गं.”

“आत्या, तुम्ही कुठं आहात?”

“घरीच की! कुठं जाणार? दिवा लावलाय आत्ताच.”

“पाणंदीला आला होतात का? मघाशी? बाभळीजवळ?”

“खुळी का काय तू? सांजच्याला मी कशाला जाऊ तिकडं? तू कुठं हाईस? आवाज का गं असा येतोय तुझा? अंधार पडायलाय... बॅटरी...” आणि फोन तुटला.

तलावावर रेंज अशीच आहे. पुन्हा लावला, लागला नाही. आत्या फोन चार्ज करायचं रोज विसरतात, त्यावरून आमची रोज बोलाचाली. बॅटरी गेली असणार, असं मी धरून चालले.

आता पुढचं मला लिहायला जड जातंय. आत्या घरी सुखरूप आहेत, हे कळल्यावर मला धीर यायला हवा होता ना? उलट झालं. त्या घरी आहेत, तर मग बाभळीखाली बसलेली ती कोण? तेरा वर्षं बांधावर उभं राहून लोकांना शहाणपण शिकवणारी मी त्या पाणंदीत पाय टाकू शकले नाही. मी सडकेला लागले. पळाले, आयुष्यात पळाले नव्हते इतकी पळाले, एकदाही मागं न बघता.

घराचं दार लोटलेलं होतं. देवापुढं दिवा जळत होता. आत्या नव्हत्या. फोन फडताळावर होता आणि त्याचं चार्जिंग अर्ध्याच्या वर होतं.

मग माझी नजर दाराशेजारच्या खिळ्यावर गेली. तिथं आमची बॅटरी असते, उजेडाची, हातात धरायची. खिळा रिकामा होता.

शेजारच्या नजमाभाभी बाहेरच होत्या. “अम्मा? त्या गेल्या की पाणंदीकडं. सूनबाईचा आवाज घाबऱ्यावानी वाटला म्हणल्या, बॅटरी घेऊन निघाल्या. मी म्हणलं बी, अंधारात कुठं जाताव? ऐकत्यात व्हय त्या?”

मला कुठंही शोधावं लागलं नाही. कुठल्या दगडापाशी, कुठल्या बाजूला टेकून, कुठला पाय चरात, सगळं मी आधीच बघितलं होतं. नजमाभाभी आणि त्यांचे मालक मागून येत होते. लांबून बॅटरीचा उजेड दिसला, जमिनीपासून दोनेक फुटांवर. तो तांब्या नव्हता.

आत्यांचा खुबा मोडला होता. मला बघून त्या रडल्या नाहीत. चिडल्या. “मघाशी का गेलीस गं?”

“मघाशी कधी आत्या? मी आत्ताच येतेय.”

“आली हुतीस की. ही हितं समोर हुबी राहिलीस. ती डबी डोळ्याला लावलीस. मी हाका मारायलेय, हात वर करायलेय, आन् तू फोटो काढून पळत गेलीस. तळ्याकडं.”

नजमाभाभींनी माझ्याकडं बघितलं. टेम्पोतून धाराशिवला नेईपर्यंत आत्यांचा हात माझ्या हातात होता.

ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, रात्रभर तिथं थंडीत राहिल्या असत्या तर अवघड होतं. आता काठी घेऊन अंगणापर्यंत येतात. बूटही मांडायला लागल्यात.

फोटो मी धाराशिवच्या एका स्टुडिओवाल्याला दाखवला. तो म्हणाला, कॅमेऱ्याचं घड्याळ चुकलं असेल. चुकू दे. पण त्या फोटोचा नंबर बगळ्यांच्या आधीचा आहे आणि त्यात ऊन आहे. आत्या घरातून निघाल्या त्या दिवा लावून, सूर्य बुडाल्यावर. भर उन्हात त्यांच्या हातातली बॅटरी जळतेय. दगडाची सावली पूर्वेला पडलीय, बाभळीचीही पडलीय. आत्यांची नाही. मी पट्टी लावून तपासलंय.

आणि एक गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही, नवऱ्यालाही नाही. तो फोटो निघाला नसता, तर मी फोन केला नसता. फोन केला नसता, तर आत्या अंधारात बाहेर पडल्या नसत्या. आणि फोटो नसता, तर मी नेहमीसारखी पाणंदीनंच घरी आले असते. हा हिशोब मी कितीही वेळा मांडला तरी जुळत नाही. सुरुवात कुठून धरायची तेच कळत नाही.

आत्या राग धरत नाहीत. फक्त कधीकधी, मी बूट घालत असताना, अगदी साध्या आवाजात विचारतात, “खरं सांग, त्या दिशी मला बघून बी का गं थांबली न्हाईस?”

सुरुवातीला मी त्यांना समजावून सांगायचे — मी तिथं नव्हतेच, मी तेव्हा सडकेवर होते. आता सांगत नाही. तो फोटो कसा निघाला, ते मला माहीत नाही, बहुतेक कधी कळणारही नाही. पण आत्या म्हणतात त्यात खोटं काय आहे? मी त्यांना तिथं बसलेलं बघितलं होतं, हाक मारताना बघितलं होतं. आणि बघून मी पळालेच होते.